दगड कुणाच्या दिशेनं?

शंकेखोर : नटानं कॅमेऱ्यात बघितलं, प्रेक्षकांशी दोन वाक्यं बोलला, की तुम्ही सिनेमावाले टाळ्या पिटता. म्हणे चौथी भिंत फोडली! भाऊ, आपण वाशीम जिल्ह्यातली माणसं. आपल्याकडे ही भिंत होती कधी? रिसोड, मालेगाव, मानोरा, कुठल्याही तालुक्यातल्या गावात सप्ताहाला जाऊन बसा. बुवा अभंग सोडतो आणि चरण अर्धवट ठेवून पहिल्या रांगेत पेंगणाऱ्याला विचारतो, ‘काय बाप्पा, वैकुंठाला पोचले का?’ सगळा मांडव हसतो, पेंगणारा सावरून बसतो, आणि मग बुवा चरण पुरा करतो. तमाशात गौळणीतली मावशी समोरच्या मिशीवाल्या पाहुण्याला नाव ठेवल्याशिवाय पुढे सरकत नाही. दंडारीत सोंग घेऊन आलेला गडी तुमच्याच आळीतला असतो. राजाचं सोंग घेतलं तरी ‘अबे, माही उधारी कवा देतं?’ असं त्याला खालून विचारता येतं, आणि तो राजाच्या थाटात उत्तरही देतो. बहुरूपी तर थेट अंगणात येतो. फौजदाराची टोपी घालून, वही उघडून, तुमच्यावर नसलेला गुन्हा नोंदवतो. तिथे तुम्हीच आरोपी, तुम्हीच प्रेक्षक आणि शेवटी पैसे देणारेही तुम्हीच. भिंत बांधली शहरातल्या नाटकवाल्यांनी, तीही उशिरा. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा सूत्रधार आणि विदूषक लोकांसमोर उभे राहूनच बोलत होते. किर्लोस्करांच्या 1880च्या ‘शाकुंतला’तही सूत्रधार आणि नटी होतेच. तीन भिंतींचा दिवाणखाना उभारायचा आणि चौथीतून लोकांनी चोरून बघायचं, हा प्रकार मराठी रंगभूमीवर ठसला तो ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून, म्हणजे 1933 पासून. उण्यापुऱ्या नव्वद वर्षांची भिंत. तिच्यात भोक पाडलं म्हणून एवढा गाजावाजा कशाला?

चाहता : सर, नाटकाचा हिशेब तुम्ही बरोबर मांडलात. पण मी सिनेमाबद्दल बोलतोय, आणि सिनेमात भिंत कुणी मुद्दाम बांधावी लागत नाही. ती तिथे असतेच. कीर्तनात बुवा आणि पेंगणारा एकाच मांडवाखाली, एकाच वेळी बसलेले असतात. सिनेमातला माणूस बोलला तेव्हा मी तिथे नव्हतो आणि मी बघतोय तेव्हा तो तिथे नाही. मधे आठ महिने गेले असतील, नाहीतर ऐंशी वर्षं. म्हणून तमाशातल्या मावशीनं माझ्याकडे बघणं आणि पडद्यावरच्या माणसानं बघणं यांना एका मापानं मोजू नका. मावशी समोर आहे म्हणून बघते. पडद्यावरच्याला मी दिसत नाही, तरीही तो बघतो. ‘तू असशील’ हे तो धरून चालतो. मृणाल सेनांचा 1971 चा ‘इंटरव्ह्यू’ घ्या. कोलकात्याच्या ट्राममध्ये नायक उभा आहे. एकाएकी तो आपल्याकडे वळतो आणि सांगतो, मी काही सिनेमातला स्टार नाही, माझं नाव रणजित मल्लिक, मी एका साप्ताहिकात काम करतो, हे मृणाल सेन माझ्या मागे कॅमेरा घेऊन फिरताहेत. आणि लगेच आपल्याला कॅमेरामन के. के. महाजन कॅमेऱ्यासकट दिसतात. ट्राममधला गरीब बेकार तरुण बघायला आलेला प्रेक्षक गोंधळतो. आपण ज्याची कीव करत होतो तो खरा की खोटा? हा गोंधळ उडायला आधी भिंत लागते. भिंतच नसलेल्या तमाशात तो उडणार नाही.

शंकेखोर : 1971 म्हणालात ना? त्याच वर्षी आपल्याकडे ‘सोंगाड्या’ आला. त्याआधी दादा कोंडके वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ करत होते. त्या लोकनाट्यात आजच्या पेपरातली बातमी आजच्याच प्रयोगात यायची. पुढारी समोर बसलेला असला तर त्याचं नाव घेऊन टोला. लोक हसायचे, त्या हसण्यावर दादांचं पुढचं वाक्य बेतलेलं असायचं. मग हाच माणूस सिनेमात गेला. सिनेमे तुफान चालले, सलग रौप्यमहोत्सवांचा विक्रम झाला, सगळं खरं. पण पडद्यावर त्यांना पाहताना मला नेहमी वाटतं की हे वाक्य टाकून गडी थांबलाय. हशाची वाट बघतोय. हशा येतो तेव्हा तो काहीच करू शकत नाही, रीळ पुढे गेलेलं असतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. बोलणं कुणालाही जमतं. पडद्यावरून तुमच्याकडे बघून बोललं म्हणजे नातं जुळलं असं नाही. ऐकतो कोण? गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. आपल्याच वऱ्हाडातला माणूस, जन्म शेंडगावचा. बाबा सांगत कमी आणि विचारत जास्त. प्रश्न टाकायचे, लोक एकसुरात उत्तर द्यायचे, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा. कीर्तनाआधी बाबांनी गाव झाडलेलं असायचं, म्हणजे जो विचारतोय त्याच्या हातची धूळ लोकांनी पाहिलेली असायची. 1977 साली राजदत्तांनी ‘देवकीनंदन गोपाला’ काढला, डॉ. श्रीराम लागूंनी बाबा केले. काम उत्तमच आहे. पण त्यात बाबांना उत्तर देणारे लोक पडद्यातले आहेत. तुम्ही खुर्चीतून उत्तर दिलंत तर लागूंना ऐकू जाणार आहे का?

चाहता : नाही जाणार. पण बाबांच्या कीर्तनातलं उत्तर तरी किती मोकळं होतं? राग मानू नका, मी बाबांचा मोठेपणा कमी करत नाही. पण ते प्रश्न असे बांधलेले असत की उत्तर एकच निघावं. ती त्यांची करामत होती. हजार माणसं एकाच वेळी ‘नाही’ म्हणतात तेव्हा त्या हजारांत एखादा ‘हो’ म्हणणारा असतो, त्याचा आवाज बुडतो. मृणाल सेनांनी ‘इंटरव्ह्यू’च्या शेवटी हेच उघड करून दाखवलं. अंधारातून एक आवाज, जणू प्रेक्षकाचा, नायकाला आडवेतिडवे प्रश्न विचारतो. आता तुम्ही म्हणाल, तो आवाजही सेनांनीच लिहिलेला. खरं आहे. पण निदान ते लपवत नाहीत.

दुसरं, ‘ऐकणाऱ्या’ कलेचं तुम्ही फार गोड चित्र काढलंत. ते ऐकणं कलावंताला कुठे नेतं, तेही बघा. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्रभर सांगतात. पोटुशी असताना नाचत होत्या, मधेच कळा आल्या, पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा येऊन उभ्या राहिल्या, कारण समोरचे लोक खेळ सोडायला तयार नव्हते. तुमच्या त्या भिंत नसलेल्या रंगमंचाचा हा दुसरा अर्थ आहे. पैसे टाकणाऱ्याला बाईच्या अंगाएवढं जवळ जाता येतं, नाव घेऊन लावणी मागता येते, नाही म्हटलं तर खुर्च्या फेकता येतात. सिनेमाच्या पडद्यानं निदान एवढं केलं की नटीला समोरचा दिसत नाही आणि समोरच्याचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही. भिंत म्हणजे नुसती फसवणूक नव्हे. ती कामगाराची आडही आहे.

शंकेखोर : हा मुद्दा घेतला. यावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही. विठाबाईंना पुढे राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, पण तेव्हा समोर बसलेल्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही. तरीही आड आणि डोळेझाक यांत फरक करा. पडद्यामुळे नटीला प्रेक्षक दिसत नाही, तसंच प्रेक्षकालाही जबाबदारी राहत नाही. अंधारात बसून काहीही बघता येतं.

चाहता : म्हणूनच पडद्यावरून कुणीतरी अंधाराकडे बघायला हवं! आणि त्या बघण्याची एक गंमत आहे, ती बुवाच्या बघण्यात नाही. बुवा एका वेळी एकाकडेच बघू शकतो. पडद्यावरच्या माणसानं भिंगात बघितलं, की हॉलच्या कुठल्याही खुर्चीतून तो तुमच्याकडेच बघतोय असं वाटतं. डावीकडून, उजवीकडून, बाल्कनीतून, सगळीकडून. पूर्वी उघड्यावर पडदा लावून सिनेमे दाखवायचे तेव्हा गर्दी झाली की अर्धे लोक पडद्याच्या मागे बसायचे. तुम्हीही बसला असाल.

शंकेखोर : बसलो ना. मागच्या बाजूनं हिरो डाव्या हातानं बंदूक चालवायचा, नावं उलटी दिसायची. वाचता येत नसल्यानं आमच्यातल्या निम्म्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

चाहता : पण मागे बसलेल्यालाही, भिंगात बघणारा माणूस आपल्याकडेच बघतोय असं दिसायचं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकच नजर. सरपंचाच्या खुर्चीला वेगळी नजर आणि मागे मातीत बसलेल्याला वेगळी, असं नाही. गावातल्या कुठल्या कार्यक्रमात असं घडतं, सांगा मला.

शंकेखोर : सगळ्यांकडे सारखं बघणं म्हणजे कुणाकडेच न बघणं, असं मी म्हणेन. ते पुढे काढतो. आधी एक सांगा, हे सगळं तुमच्या सिनेमानं ‘तोडावं’ लागतं असं तुम्ही का धरून चाललात? आपल्या लोकांनी पडद्याची भिंत मानली कधी? फाळक्यांच्या 1917च्या ‘लंकादहन’मध्ये राम दिसला की लोक हात जोडायचे. तो राम कोण, तर अण्णा साळुंखे, आणि सीताही तेच! 1975 साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा बायका चपला बाहेर काढून आत जायच्या, आरतीची ताटं न्यायच्या, पडद्यावर नाणी पडायची. संतोषी मातेनं कॅमेऱ्यात बघून ‘माझी आरती करा’ असं सांगितलं नव्हतं. 2016 चा ‘सैराट’ तर तुमच्याच काळातला. ‘झिंगाट’ लागलं की पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायची. गावोगावी हेच. भिंत फोडली ती प्रेक्षकानं. दिग्दर्शकाचं काम एवढंच की आडवं येऊ नये.

चाहता : आडवं येऊ नये? त्याच ‘सैराट’चा शेवट आठवा. लहान मूल घरातून बाहेर पडतं, पावलं रक्ताची, आणि आवाज पूर्ण बंद. तासाभरापूर्वी पडद्यापुढे नाचणारी तीच पोरं. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही, कुणी त्यांना काही विचारलं नाही, फक्त आवाज काढून घेतला. त्या शांततेत हॉलमधलं कुणाचं तरी खोकणंसुद्धा ऐकू येत होतं. नागराज मंजुळेंनी तिथे प्रेक्षकाला आडवंच घेतलं. तो नाचला होता, म्हणूनच त्याला घेता आलं.

शंकेखोर : ठीक. मग मंजुळेंवरच या. तुम्हाला मघापासून त्यांच्या ‘फँड्री’वर यायचंय हे मला दिसतंय.

चाहता : यायचंच आहे. पण सगळे जिथे सुरुवात करतात, त्या शेवटच्या दगडापासून नको. मला राष्ट्रगीताचा प्रसंग धरायचाय. सिनेमाचा नायक शाळकरी जब्या. त्याच्या घरच्यांना, कैकाडी म्हणून, गावातली डुकरं धरायचं काम दिलंय. गावातली माणसं बसून बघताहेत, हसताहेत, टोमणे मारताहेत. जब्याची शाळा शेजारीच. ज्या मुलीसाठी त्याचा जीव तुटतो ती शालूही बघणाऱ्यांत आहे. डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो. त्याचं पाहून बाकीचे थांबतात. किशोर कदमांनी केलेला बाप कचरूसुद्धा. डुक्कर त्यांच्या समोरून चालतं होतं. आता हॉलमध्ये काय झालं असेल ते बघा. महाराष्ट्रात 2003 पासून सिनेमाआधी राष्ट्रगीत लावायचा नियम होता. ‘फँड्री’ लागला 14 फेब्रुवारी 2014 ला. म्हणजे जो प्रेक्षक हे बघतोय तो तासाभरापूर्वी त्याच हॉलमध्ये उभा राहून बसलाय. आणि आता पुन्हा तेच सूर. मी तर अर्धा उठलो. शेजारचा उठला होता. मागून कुणीतरी म्हणालं, ‘बस ना बे, पिक्चरमधलं आहे.’

शंकेखोर : आणि तुम्ही?

चाहता : अर्ध्यावरच. गुडघे वाकलेले, हात पुढच्या खुर्चीवर. उठावं तर हसतील, बसावं तर चुकेल. त्या अर्ध्या उठलेल्या अवस्थेत मला कळलं की पडद्यावरचा जब्याही असाच अडकलाय. कुणीही कॅमेऱ्यात बघितलं नव्हतं. कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. पण त्या सिनेमानं मला माझ्या पायांवर उभं केलं, निदान अर्धं. याला तुम्ही काय म्हणाल? आणि हा नुसता माझा घोळ नव्हता. पुढे सर्वोच्च न्यायालयानं 30 नोव्हेंबर 2016 ला देशभर सिनेमागृहांत राष्ट्रगीत सक्तीचं केलं. मग लोकांनी विचारलं, सिनेमाच्या गोष्टीतच राष्ट्रगीत आलं तर? तेव्हा न्यायालयाला खुलासा करावा लागला की कथेचा भाग म्हणून आलं तर उभं राहायची गरज नाही. तारीख 14 फेब्रुवारी 2017, ‘फँड्री’ लागल्याला बरोबर तीन वर्षं. जानेवारी 2018 मध्ये सक्तीही गेली, ऐच्छिक झालं. चौथी भिंत नेमकी कुठे आहे हे ठरवायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलेला आपला बहुधा एकटाच देश!

शंकेखोर : हे मात्र झकास. सिनेमाच्या आत वाजलं की गोष्ट, बाहेर वाजलं की कर्तव्य. आणि जब्याला आत-बाहेर असं काही नाहीच. त्याच्यासाठी ते दोन्हीकडे कर्तव्यच, कारण तो उभा राहिला नाही तर त्याला कोण सोडणार आहे? हा प्रसंग मी तुमच्याइतका नीट पाहिला नव्हता. पण भाऊ, तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय. इथे कुणी भिंत फोडली नाही. दिग्दर्शकानं गोष्ट इमानदारीनं सांगितली आणि प्रेक्षक आपणहून उठला. मग शेवटी तो दगड काहून? एवढं साधल्यावर, बहिणीवरून टोमणे ऐकून पेटलेल्या पोरानं भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, पडदा काळा, संपलं. मला तो ओरडून सांगितल्यासारखा वाटला. ‘बघा, आता तुम्हालाही लागला.’

आणि आता मघाचं उसनं फेडतो. नजर सगळ्यांवर सारखी पडते म्हणालात. दगडही सगळ्यांवर सारखाच पडतो. त्या हॉलमध्ये पुण्याचा मल्टिप्लेक्सवाला बसलाय, ज्यानं आयुष्यात डुक्कर धरणारा माणूस जवळून बघितला नाही. गावचा पाटील बसलाय. आणि पुढच्या रांगेत एखादा कैकाडी पोरगाही बसलाय, ज्याच्या बापानं काल हेच काम केलं. जब्याचा दगड त्यालाही लागतो. त्याचा काय गुन्हा? बुवा असता तर त्यानं पाटलाकडे बघून बोट दाखवलं असतं आणि त्या पोराकडे बघून आवाज खाली आणला असता. गाडगेबाबांना समोर कोण बसलंय ते दिसायचं. कॅमेऱ्याला दिसत नाही. तुमचा सगळा थाट आंधळ्याचा दगड आहे.

चाहता : हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. पण मला वाटतं, तुम्ही दगड बघितलात आणि कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघितलं नाही. सिनेमाभर आपण कुठे होतो? जब्याच्या बरोबर. त्याच्याबरोबर काळ्या चिमणीमागे रानात धावलो, त्याच्याबरोबर शालूकडे चोरून बघितलं, डुक्कर धरताना तो लाजेनं लपला तेव्हा आपणही लपलो. आणि गाववाले? ते सिनेमातले प्रेक्षक. रांगेनं बसलेले, हसणारे, मजा घेणारे. म्हणजे या सिनेमात आधीपासूनच एक प्रेक्षागृह आहे आणि आपण त्यात नाही, असं आपण समजून बसतो. शेवटच्या क्षणी कॅमेरा फिरून त्यांच्या जागी जाऊन उभा राहतो. दगड मारण्याआधी सिनेमा तुमची जागा बदलतो. बाकी काही करत नाही. तुम्हाला गुन्हेगार ठरवत नाही. एवढंच विचारतो, तू दीड तास बघितलंस, म्हणजे कुठे बसून बघितलंस?

1903 सालचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ घ्या. त्यात दरोडेखोरांचा म्होरक्या थेट प्रेक्षकांवर गोळ्या झाडतो. पण तो तुकडा खेळ दाखवणाऱ्यानं हवा तर सुरुवातीला जोडावा, हवा तर शेवटी, अशी सोय होती. गोष्टीशी त्याचं काही घेणं नाही, लोकांनी दचकावं एवढाच हेतू. ‘फँड्री’तला दगड तुम्ही सुरुवातीला जोडून दाखवा. जोडताच येणार नाही. तिथे तो कुणालाच लागणार नाही.

शंकेखोर : जागा बदलतो, हे मान्य. छान पकडलंत. पण त्यानं माझ्या पुढच्या रांगेतल्या पोराचं उत्तर मिळत नाही. उलट ते जास्त बोचतं. पाटलाची जागा बदलली तर काहीच झालं नाही, तो आपल्याच जागी गेला. मल्टिप्लेक्सवाल्याची बदलली, तो चरकला, ठीक. पण त्या पोराला तुम्ही दीड तास जब्याबरोबर ठेवलंत, ती त्याची हक्काची जागा होती, आणि शेवटी तिथून उचलून टोमणे मारणाऱ्यांच्यात नेऊन बसवलंत.

चाहता : बसवलं खरं. पण तो तिथे बसेलच असं नाही. तो मनातल्या मनात जब्याबरोबर दगड फेकत असेल. त्याच्या बाजूनं पाहिलं तर पडदा काळा होणं म्हणजे दगड लागला, नेम बसला. एकच दृश्य. एकाला दगड लागतो आणि दुसऱ्याच्या हातातून सुटतो. तुम्ही म्हणता कॅमेरा आंधळा आहे. मी म्हणतो, आंधळा आहे म्हणून निवड प्रेक्षकावर येते. बुवानं कुणाकडे बोट दाखवायचं ते बुवा ठरवतो. इथे आपण कोण आहोत ते ज्याचं त्याला ठरवावं लागतं.

शंकेखोर : ‘असेल’ म्हणालात. तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही. त्या पोराला आजवर कुणी विचारलं नाही. आणि ज्यांना विचारलं, ज्यांनी लेख लिहिले, ते सगळे म्हणाले, ‘दगड मला लागला.’ मोठ्या अभिमानानं म्हणाले. मला याचीच चीड आहे. दगड लागल्याचंसुद्धा कौतुक होतं. मार खाऊन माणूस शुद्ध होऊन बाहेर येतो, पार्किंगमध्ये गाडी काढतो आणि घरी जातो. तिकिटाच्या पैशात प्रायश्चित्त. तमाशात मावशीनं टोला मारला तर तो दुसऱ्या दिवशी गावभर फिरायचा, पाटलाला महिनाभर ऐकून घ्यावं लागायचं. हॉलमधला दगड कुणाला कुणी मारला ते शेजारच्यालाही कळत नाही.

आणि आताचं सांगू? आता प्रत्येकजण कॅमेऱ्यात बघूनच बोलतो. एसटी स्टँडवर उभं राहा, चार पोरं मोबाइल हातात धरून ‘नमस्कार मित्रांनो’ करत असतात. सोयाबीनवर कुठलं औषध फवारायचं हे सांगणाराही भिंगात बघतो आणि भांडण लावणारा पुढारीही. रात्रंदिवस आपल्याकडे बघून बोलणाऱ्या तोंडांचा पूर आलाय. अशा वेळी नटानं भिंगात बघितलं तर कोण दचकणार? उलट आता मला आवडतो ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणेचा, 2014 चा. नागपूरच्या वीरा साथीदारांनी त्यात लोकशाहीर नारायण कांबळे केलाय. शाहीर गातो तेव्हा त्याच्यासमोर पडद्यातले लोक असतात, आपण नाही. कॅमेरा लांब, एका जागी. कोर्टातही तसाच, आपण जणू मागच्या बाकावर. कुणी आपल्याकडे बघत नाही. कुणाला आपली गरज नाही. सरकारी वकील बाई कलमं वाचत राहते, तारखा पडत राहतात. शेवटी सुटीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेतात, पोरं ओरडून दचकवतात, ते एका पोराला थोबाडतात आणि पुन्हा डुलकी घेतात. मला उठून बोलावंसं वाटलं. दगड मारणाऱ्या सिनेमानं तसं वाटलं नव्हतं. मग चौथी भिंत कुठल्या सिनेमानं जास्त फोडली?

चाहता : इथे मी अडतो, सर. कारण ‘कोर्ट’ बघताना मलाही तसंच वाटलं होतं. तरी एक सांगतो. ‘कोर्ट’मध्ये तुम्हाला बोलावंसं वाटलं, कारण तुम्हाला बोलता येत नाही हे त्यानं कळू दिलं. ‘फँड्री’च्या राष्ट्रगीतात मला उठावंसं वाटलं, कारण उठणं आणि बसणं दोन्ही अवघड करून ठेवलं. दोन्हीकडे भिंगात कुणी बघितलं नाही. मग तुमची तक्रार बहुधा भिंत फोडण्याबद्दल नाहीच. सिनेमा प्रेक्षकाला ओळखतो हे सांगण्याबद्दल आहे. सांगितलं की कौतुक सुरू होतं, न सांगता केलं की टोचतं. असं असेल तर शेवटचा दगड मला आजपासून थोडा कमी आवडेल, हे कबूल. पण मी तो काढू देणार नाही.

शंकेखोर : का? आता तुम्हीच म्हणालात की सांगितल्यानं धार जाते.

चाहता : कारण दगडाआधी एक दृश्य आहे आणि ते दगडाशिवाय अर्धं राहतं. मेलेलं डुक्कर बांबूला लटकवून घरचे नेत असतात आणि मागे शाळेची भिंत असते. तिच्यावर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज आणि तुमचे गाडगेबाबा रंगवलेले. आपल्या जिल्ह्यातली अशी एक शाळा दाखवा जिच्या भिंतीवर यातलं कुणी नाही. सगळी थोर माणसं बघताहेत, आणि खालून डुक्कर चाललंय. मला त्या सिनेमातली खरी भिंत ती वाटते. चौथीबिथी काही नाही, शाळेचीच. त्या भिंतीवरचे डोळे सिनेमाभर आपल्याकडे बघत असतात आणि आपण चित्र म्हणून पुढे जातो. चित्राकडून आपल्याकडे कधी काही येतं, हे सांगायला दगडच लागतो. गाडगेबाबांना तुम्ही भिंतीवर रंगवलंत तेव्हा त्यांचं विचारणं बंद झालं. भिंत फोडायची तर सुरुवात तिथून करा.

शंकेखोर : हे मला लागलं. आणि मी तुमच्यासारखा अभिमानानं सांगत नाहीये. शाळेच्या भिंतीवर बाबांचं चित्र काढून घेणाऱ्यांत मीही होतो. रंगाचे पैसे गावातून जमवले. ज्यांच्या आळीतून जमवले नाहीत, त्यांच्याकडे काय म्हणून गेलो नाही, ते मला आज सांगता येणार नाही.

तरी मूळ शंका मी सोडत नाही. तुमचा सिनेमा विचारतो आणि निघून जातो. उत्तर ऐकायला थांबत नाही. ते त्याच्या हातात नाही, हे मी समजू शकतो. पण मग ते कुणाच्या तरी हातात असायला हवं. तुम्ही चार पोरं मिळून गावोगाव सिनेमे दाखवता. सिनेमा संपला की पडदा गुंडाळता आणि टेम्पोत टाकता.

चाहता : मग पुढच्या वेळी असं करू. शाळेच्या पटांगणात ‘फँड्री’ दाखवू. दगड आला, पडदा काळा झाला, की त्याच क्षणी पटांगणातले सगळे दिवे लावायचे. नावांची पाटी, गाणं, काहीच नाही. आणि माइक खाली लोकांत द्यायचा. सिनेमाला ऐकू येत नाही, आपल्याला तर येतं.

शंकेखोर : दिवे मी लावतो, माइकही आणतो. फक्त पहिल्यांदा माइक कुणाच्या हातात देणार, ते आधी ठरवा. पाटलाच्या दिलात तर तो भाषण करेल. पुढच्या रांगेतल्या त्या पोराच्या दिलात तर अख्ख्या गावासमोर त्याला उभं केल्यासारखं होईल. आणि कुणालाच न देता खाली ठेवून दिलात, तर तो कोण उचलतं हे आपल्याला आत्ताच माहीत आहे. हे ठरलं की तारीख कळवा.